मूग न गिळता

सरोवर दारापासून साठ पावलांवर,
आणि हा माणूस सरोवराचंच पाणी
बादलीबादलीनं आणून ओततोय
घरातल्या काचेच्या खोक्यात.
काच म्झुझूच्या एका बंद पडलेल्या औषधदुकानाची.
एका कोपऱ्यात अजून अर्धं अक्षर आहे,
खरवडूनही न निघालेलं.

शेजारीण म्हणाली, चिउकेपोच्या कानातलं पाणी
डोक्यात चढलं.
मी काही बोलले नाही. कान खरंच गेला होता.
डावा. चौदा मीटरवर.

एकोणीस वर्षं कॉम्प्रेसरच्या नळीतून श्वास ओढत
त्यानं खडकांच्या फटींतून म्बुना धरले,
मासे पिशव्यांत, पिशव्या विमानात.
कुठल्याशा थंड गावातल्या तळघरातून
एकदा फोटो आला होता: त्याचे मासे, दिव्याखाली.
तो बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, "दगड चुकलेत."

आता डॉक्टरनं बजावलंय,
कमरेच्या वर पाणी नको.

म्हणून हे सगळं.
आधी दगड, मग वाळू. उलट केलंस
तर हे वाळू उकरून घर स्वतःच्याच अंगावर पाडून घेतील,
असं लुसुंगूला सांगत तो एकेक दगड
बोटानं हलवून बघतो.
रंगावरून नाही, फटींवरून निवडलेले.
प्रत्येक बिळाला दोन तोंडं हवीत, म्हणतो,
एक शिरायला, एक पळायला.
कुणाच्या हातून पळायला
ते सांगत नाही.

मग महिनाभर काहीच नाही.
नुसतं पाणी,
आणि मासेमारीच्या दिव्याच्या बॅटरीवर
बुडबुडणारा पंप.
लोक येत, वाकून बघत. मासे कुठायत?
"पाणी मुरतंय अजून."
कुठेतरी मुरतंय खरं, म्हणत लोक जात.
मी बाजारात सुके उसिपा वाट्यावर विकते.
मासा म्हणजे मला वाटा.
पाण्याचे वाटे कुणी घेत नाही.

पाचव्या आठवड्यात विटुंबिको आला, बादली घेऊन.
चोवीस नग.
एवढ्याशा खोक्यात? मी म्हटलं.
"थोडे ठेवले तर मार एकालाच बसतो.
गर्दीत तो वाटला जातो."
मी सात भावंडांतली.
मला हे पटायला वेळ लागला नाही.

पहिल्या संध्याकाळी तो स्टूल ओढून बसला
आणि सारखं डोकं हलवत राहिला.
इतकी वर्षं मी त्यांच्यात होतो, म्हणाला,
बाहेरून हे असे दिसतात
हे मला माहीतच नव्हतं.

पुढे केव्हातरी एक मादी खाईना.
शेवाळाचा चुरा टाकला की सगळे तुटून पडत,
ही दगडामागे, गाल फुगवून.
आजारी आहे, मी म्हटलं.
"तोंडात अंडी आहेत. मुगाएवढी."
"आणि गिळत नाही?"
"तीन आठवडे."

मूग गिळून गप्प बसलेल्या बायका
मी पुष्कळ पाहिल्या,
आमच्या घरात तर रांगेनं.
मूग न गिळता गप्प बसलेली ही पहिली.

त्या तीन आठवड्यांतल्याच एका रात्री
बुडबुड थांबली.
मला जाग आली ती आवाजानं नाही, तो नसल्यानं.
चिउकेपो झोपतो चांगला कान उशीत दाबून;
त्याच्यासाठी सरोवरही रात्री बंद असतं.
बॅटरी मेलेली.
उठले. चहाचा मग घेतला.
भरायचा, हातभर उंचावरून ओतायचा,
भरायचा, ओतायचा,
कोंबडा आरवेपर्यंत.

तिसऱ्या-चौथ्या शंभरात कधीतरी
तिनं तोंड उघडलं.
डोळ्यांना शेपटी फुटावी
तशी पिल्लं बाहेर सांडली,
पेटवलेल्या काडीच्या उजेडात मोजता येईनात.
निळा वळला मात्र,
तिनं सगळी परत आत घेतली,
आणि तोंड मिटलं.

सकाळी त्यानं विचारलं,
इथं जमीन एवढी ओली कशानं?

माझे हात खांद्यापासून दुखत होते.
मी उसिपाची पाटी उचलली
आणि बाजाराची वाट धरली.